खंड ७, मग पहिले सहा कुठे?

अमेरिकेतल्या वंशभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कॅथलिक प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या श्रद्धावंतांवर, संशोधन करायला निघाला असाल तर मॅथ्यू आमन तुम्हाला माहीत असणारच. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या नागरी हक्क मोर्चात कॅथलिकांच्या वतीने बोलले ते. धर्मगुरू नव्हेत, प्रापंचिक. त्यांच्यापासून मागे मागे जात राहिलं की १९३४ ची न्यूयॉर्कची कॅथलिक इंटररेशिअल (आंतरवंशीय) कौन्सिल लागते, तिचे जेझुइट (येशूसंघीय धर्मगुरू) संस्थापक फादर जॉन लाफार्ज भेटतात, आणि वाटतं, चला, उगम सापडला. मीही तिथेच बसकण मारली. माझ्या प्रबंधाचं चाळीस पानांचं पहिलं प्रकरण त्यापायी फुकट गेलं.

ही चूक जरा लांबण लावूनच सांगते, कारण तुम्हीही ती करणार आहात.

कौन्सिलचं मासिक होतं ‘इंटररेशिअल रिव्ह्यू’. महिनाभर मी त्याचेच अंक वाचत होते. १९३४ च्या अंकांवर छापलेलं, खंड ७. संस्था त्याच वर्षी जन्मलेली, मग मासिकाचं सातवं वर्ष कसं? हा प्रश्न मला पडलाच नाही. आकडा टिपून घ्यायचा आणि पान उलटायचं, एवढंच चाललेलं.

पडला तेव्हा खुलासा झाला. मासिक मुळात सेंट लुईसमधल्या एका कृष्णवर्णीय धर्मग्रामाचं (पॅरिशचं) पत्रक. तिथले जेझुइट फादर विल्यम मार्को ते काढायचे, आणि पुढे ते फेडरेटेड कलर्ड कॅथलिक्स या संघटनेचं मुखपत्र झालं. संघटना १९२५ ची. अध्यक्ष थॉमस वायट टर्नर, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, कॉर्नेलचे पीएच.डी., कृष्णवर्णीय आणि प्रापंचिक. कॅथलिक शाळा-कॉलेजं आणि सेमिनऱ्या (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था) आमच्या मुलांना उघडा, असं ते रोखठोक मागत होते. लाफार्ज आणि मार्को यांना मात्र संघटना फक्त कृष्णवर्णीयांची नको होती, ‘आंतरवंशीय’, म्हणजे गोऱ्या-काळ्यांची मिळून, हवी होती. १९३२ मध्ये संघटनेचं नाव बदललं, मासिकाचं बदललं, टर्नर यांना अध्यक्षपदावरून हटवलं गेलं. दोनच वर्षांत न्यूयॉर्कची कौन्सिल उभी राहिली. प्रापंचिकांच्या चळवळीचा जन्म म्हणून मी जे वर्ष लिहिलं होतं, त्याच्या आधीच एका प्रापंचिकाच्या हातून ती काढून घेतली गेली होती.

लाफार्ज यांना खलनायक करू नका, त्या माणसाने आयुष्य या प्रश्नात घातलं. पण कागद त्यांच्या बाजूचे, मासिक त्यांच्या बाजूचं, मग गोष्टही त्यांचीच होऊन बसते. मी वसईची. आमच्याकडे मंडळावर प्रापंचिक बसतात आणि शेवटचा शब्द फादरांचा असतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी कागदावर तेच ओळखता आलं नाही, याची अजून लाज वाटते.

माझ्या मार्गदर्शकांचा हट्ट होता, आधी अमेरिकन बिशपांचं वंशभेदाविरुद्धचं १९५८ चं निवेदन वाच, बाकी नंतर. ज्यांनी स्वतः कधी जुन्या पत्रांची पेटी उघडली नाही त्यांच्याकडून सही घ्यावी, दिशा घेऊ नये, असं माझं मत झालंय. निवेदन महत्त्वाचं आहेच, पण त्याच्या आधी वीस वर्षं कॅथरीन डी ह्यूक यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रेंडशिप हाउस हे सेवाकेंद्र उघडलं होतं. १९४२ मध्ये शिकागोचं उघडलं ते अ‍ॅन हॅरिगन आणि एलन टॅरी यांनी. टॅरी कृष्णवर्णीय लेखिका. या बायकांकडे जा. तिथे रोजच्या जगण्याचा वास आहे.

शोधखिडकीत आजचे शब्द टाकून हाती काही लागत नाही, असं रडू नका. त्या काळचे टाका, ‘नीग्रो’, ‘कलर्ड’, ‘कॅथलिक अ‍ॅक्शन’. टाइप करताना बोटं अडखळतील. अडखळू देत.

आणि घाबरूही नका. अमेरिकेला न जाताही सुरुवात होते. ‘पेरेझ विरुद्ध शार्प’ हा कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा निकाल घरबसल्या मिळतो. अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस, दोघं कॅथलिक, वंश वेगळे म्हणून लग्नाचा परवाना नाकारलेला. वकील डॅनिएल मार्शल हे लॉस एंजेलिसच्या कॅथलिक इंटररेशिअल कौन्सिलमधले. त्यांचा युक्तिवाद असा, की आमचं चर्च हे लग्न लावायला तयार आहे, मग राज्याचा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो. चार विरुद्ध तीन मतांनी जिंकले, पण धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर निकाल देणारे न्यायाधीश एकटे एडमंड्स, बाजूने असलेल्या बाकीच्यांनी कायद्याच्या समान संरक्षणाचा आधार घेतला. देशभर अशी बंदी उठायला १९६७ उजाडलं. एवढं एक प्रकरण नीट वाचलंत तर प्रापंचिक माणूस काय करू शकत होता ते कळेल. इंग्रजी कच्चं असलं तरी जमतं, माझं होतंच.

पुढे पैसे जमले तर जुन्या कागदपत्रांसाठी शिकागो हिस्ट्री म्युझियम आणि मार्क्वेट (Marquette) विद्यापीठ, याच क्रमाने. पेट्यांची यादी आधी मागवा.

टर्नर १९७८ पर्यंत जगले, १०१ वर्षांचे होऊन. आमन वॉशिंग्टनला बोलले त्या दिवशी ते ८६ वर्षांचे होते. माझ्या रद्द झालेल्या प्रकरणात त्यांचं नाव एकदाच येतं, एका तळटिपेत, तेही ‘टर्नी’ असं.