स्टँडिंग सीम पत्रा बसवताना प्रसरणाला वाव ठेवा

उभ्या जोडाच्या (स्टँडिंग सीम, म्हणजे शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत अडकवलेल्या) पत्र्याचे छप्पर बसवताना सर्वाधिक काळजी घ्यायची ती पत्र्याच्या प्रसरणाची. तापमानात 50 अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास 10 मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे 6 मिलिमीटर, तर ॲल्युमिनियमचा पत्रा जवळजवळ दुप्पट वाढतो. म्हणूनच लांब पत्रे छपराला थेट स्क्रूने न जखडता जोडात दडणाऱ्या सरकत्या क्लिपांवर बसवावेत आणि प्रत्येक पत्रा एकाच ठिकाणी, बहुधा आढ्याशी किंवा वळचणीशी, पक्का करून त्याचे दुसरे टोक मोकळे ठेवावे. वळचणीकडील टोक मोकळे असेल, तर खालच्या पट्टीभोवती दुमडलेल्या कडेतही काही मिलिमीटरची फट सोडावी; घाईत नेमके हेच राहून जाते आणि मग उन्हात पत्रा फुगून लहरी दिसू लागतो.

पहिला पत्रा वळचणीशी काटकोनात आहे याची मोजून खात्री करावी, कारण त्याचा तिरकेपणा पुढच्या प्रत्येक पत्र्यात उतरतो. कापण्यासाठी ग्राइंडर वापरू नये. त्याच्या उष्णतेने कडेचा जस्ताचा थर जळतो आणि उडालेल्या ठिणग्यांचे कण पृष्ठभागावर गंजतात. पत्राकात्रीच बरी, जरी तिने काम थोडे सावकाश होते.