तापलेला महाकाय तारा स्पेक्ट्रममधून कसा वाचायचा (एकच तारा घ्या, नाओस)

फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याही गच्चीवरून दक्षिणेला बघा, व्याधाच्या बराच खाली डावीकडे एक तारा दिसतो, तो नाओस म्हणजे झीटा पपिस. तापमान साधारण 40,000 केल्विन, आपल्या सूर्याचं 5,800 च्या आसपास. इतक्या गरम ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अल्ट्राव्हायोलेटमध्ये असतो, म्हणून नुसता ऑप्टिकल (डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा) स्पेक्ट्रम, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला प्रकाश, बघून थांबायचं नाही.

पण सुरुवात ऑप्टिकलनेच करा. हेलियमच्या दोन रेषा शोधा, 4471 अँगस्ट्रॉमवर (तरंगलांबीचं एकक) साधा हेलियम आणि 4541 वर एक इलेक्ट्रॉन गमावलेला. दोन्ही सारख्या खोल असतील तर तारा ओ7 (ओ हा ताऱ्यांचा सगळ्यात गरम गट, आकडा जितका लहान तितका तारा गरम), दुसरी जास्त खोल असेल तर अजून गरम. नाओस ओ4 आहे, म्हणजे तिथे दुसरीच जोरात दिसणार.

मग खरी मजा, अल्ट्राव्हायोलेट. वातावरण हा प्रकाश खाली येऊ देत नाही त्यामुळे उपग्रहाचाच डेटा लागतो, आययूई नावाच्या उपग्रहाने 1978 ते 1996 असा खूप डेटा गोळा केलाय आणि तो मास्ट आर्काइव्हवर (अवकाश दुर्बिणींच्या डेटाचं ऑनलाइन भांडार) फुकट मिळतो. कार्बनची 1548 ची रेषा काढा. तिथे उजवीकडे उंचवटा आणि डावीकडे खोल खड्डा असा आकार दिसेल, याला पी सिग्नी प्रोफाइल म्हणतात. खड्डा आपल्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याचा, म्हणजे ताऱ्यातून बाहेर वाहणाऱ्या वायूचा; वायू जितक्या वेगाने आपल्याकडे येतो तितकी रेष डावीकडे सरकते. त्याची डावी कड कुठे संपते ते मोजा, समजा 1537 च्या आसपास आली, तर 11 चा फरक भागिले 1548 गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून जास्त! तारा स्वतःचंच वस्तुमान या वेगाने उधळतोय, हे स्वतःच्या हाताने मोजताना अंगावर काटा येतो.

एक्स-रेमध्ये ‘चंद्रा’ दुर्बिणीचे स्पेक्ट्रम बघा (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, 1999 ची). रेषा निळ्या बाजूला कललेल्या दिसतात, कारण पलीकडच्या, आपल्यापासून लांब जाणाऱ्या वाऱ्याचे एक्स-रे मधला वारा गिळतो.

वस्तुमान किती जातंय हे काढताना मात्र जपून. एच-अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) आणि रेडिओचा उजेड घनतेच्या वर्गावर (स्क्वेअरवर) चालतो, वाऱ्यात गुठळ्या असल्या की तो वाढतो आणि वारा सगळीकडे सारखा धरून हिशोब केला तर आकडा फुगतो. म्हणून तो अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रेशी ताडून बघितल्याशिवाय वहीत पक्का लिहू नका, पेन्सिलनेच ठेवा.