जुनी फायबर रेसिंग सीट ओळखताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीट समोरून बघून ठरवणं. कव्हर, फोम, कडेची पायपिंग, लोगो हे सगळं नवीन करून घेता येतं, पण शेलची (सीटच्या कडक फायबरच्या सांगाड्याची) मागची बाजू नकली करायला फारसं कोणी बसत नाही. म्हणून आधी सीट उलटी करा, कव्हर निघत असेल तर काढा आणि टॉर्च घेऊन बसा.

हाताने घातलेल्या फायबरची साच्याकडची बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीकडे मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) धागे आडवेतिडवे दिसतात, कुठे रेझिनचा (धागे घट्ट धरणाऱ्या चिकट द्रवाचा) ओघळ, कुठे ब्रशचा अडकलेला केस. आता इथेच लोक फसतात, कारण आजही असंच बनवतात, त्यामुळे नुसती खरखरीत पाठ म्हणजे जुनी सीट नव्हे. रंग बघा. ऊन लागलेल्या जागी जुनं रेझिन मधासारखं पिवळं पडतं आणि कव्हरखाली झाकलेला भाग त्यामानाने फिकट राहतो, सगळीकडे एकसारखा पिवळेपणा असेल तर मला तरी संशय येतो. आणि नाक जवळ नेल्यावर स्टायरिनचा (रेझिनमधल्या रसायनाचा) उग्र वास आला तर रेझिन ताजं आहे, मग तो नवा शेल असेल नाहीतर नुकतीच केलेली रिपेअर.

सीट बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावांच्या बाबतीत तारखा पाठ असू द्या. रेकारो हे नाव 1963 चं, ओएमपी 1973 ची, स्पार्को 1977 ची, त्यामुळे 1968 च्या गाडीत स्पार्कोची सीट 'ओरिजिनल' म्हणून कोणी दाखवली तर पुढे बोलायची गरजच नाही. एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) 8855-1999 या मानकाचं लेबल असेल तर आकड्यातच मानकाचं वर्ष लिहिलंय, सीट त्याआधीची नाही. शेलमध्ये पिवळसर केव्हलारची (एका मजबूत कृत्रिम धाग्याची) वीण दिसली तरी साठचं दशक बाद, ते बाजारात आलं सत्तरच्या दशकात.

आता बोल्ट, ज्यात मी स्वतः एका चांगल्या सीटचं नुकसान केलंय. ब्रिटिश सीट होती, तळाला फायबरमध्ये पुरलेले नट, मी एम8 चा (8 मिमी मेट्रिक) बोल्ट लावला, एक-दोन आटे छान फिरला आणि जाम झाला. मला वाटलं गंज असेल, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला. तो नट 5/16 इंची यूएनएफचा (बारीक आट्यांच्या इंची मापाचा) होता, व्यास 7.94 मिमी म्हणजे जवळजवळ सारखाच, पण आटे इंचाला 24 आणि एम8 चे साधारण 20. सीटच्या वयाची नि देशाची इतकी सरळ खूण मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली, अजून वाईट वाटतं. बोल्ट अडला की थांबा, आधी थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावा.

बेल्टची भोकं असली म्हणजे फॅक्टरीचीच असं धरून चालू नका. साच्यातून आलेल्या भोकाची कड गोलसर वळते आणि जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) आतपर्यंत जातो, नंतर कापलेल्या भोकाला उघडे धागे दिसतात, बोट फिरवलं की टोचतात.

शेल नाण्याने ठोकून बघा, टणक आवाजाच्या मध्येच कुठे बद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत. जेलकोटवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बऱ्याचदा वरवरच्या असतात, पण मागून टॉर्च धरल्यावर माउंटिंगजवळ काळी रेघ किंवा पांढरट डाग दिसला तर ती सीट गाडीत लावून जोरात चालवू नका, शोसाठी ठेवा. आणि पाठ घासून पेंट तर अजिबात मारू नका, फाटका फोमसुद्धा पिशवीत भरून सीटसोबतच ठेवा.