तापात झटके आलेले लेकरू आणि मेंदूचा हिवताप: या चुका टाळा

भामरागड, एटापल्ली, धानोरा या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाने फणफणलेल्या मुलाला झटके आले आणि झटका थांबूनही ते हाकेला ओ देत नसेल, तर फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाने मेंदू गाठल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी. प्रत्यक्षात आधी नाकाशी कांदा धरला जातो, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला जातो आणि मग पुजाऱ्याकडे निरोप जातो. पुजाऱ्याला नंतरही भेटता येते.

सर्वांत घातक चूक त्या चमच्याचीच आहे. त्याच चमच्यात गोळी चुरून, पाण्यात कालवून बेशुद्ध मुलाच्या तोंडात ओतली, की ते पाणी श्वासनलिकेत उतरते. अशा मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये आणि 108 ला फोन करून तडक निघावे. एक दिवसाआड हुडहुडी भरत नाही, म्हणून हिवताप नाही, असे मानू नये; फॅल्सिपेरमचा ताप असा नेम पाळतोच असे नाही. आशाताईंच्या किटवर एकदा काही दिसले नाही, तरी लक्षणे असताना रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागते.

रुग्णालयात आर्टेसुनेटचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार आहे: 20 किलोहून कमी वजनाच्या मुलाला दर किलोमागे 3 मिलिग्रॅम, दाखल होताच, 12 तासांनी, 24 तासांनी आणि पुढे रोज एकदा. आफ्रिकेतील 5,425 मुलांवरील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइन हे जुने औषध घेतलेल्यांपैकी 10.9 टक्के, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी 8.5 टक्के मुले दगावली. इथे एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे रक्तातील साखर. ती घसरली तरी मूल असेच निपचित पडते, म्हणून बोटाला सुई टोचून साखर पाहणे आणि गरजेप्रमाणे शिरेतून ग्लुकोज देणे लांबवू नये. मेंदूची सूज उतरेल म्हणून स्टेरॉइड देण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्याचा उपयोग होत नाही. सलाइनही भराभर सोडू नये, फुप्फुसात पाणी होते.

मूल डोळे उघडून भात मागू लागले, की घरच्यांना सुट्टीची घाई होते. इंजेक्शननंतरचा तीन दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स तरीही पुरा करावा. पुढच्या चार आठवड्यांत मूल पांढरेफटक दिसू लागले किंवा लघवी काळपट झाली, तर हिमोग्लोबिन लगेच तपासून घ्यावे, कारण आर्टेसुनेटनंतर काही मुलांच्या रक्तपेशी उशिराने फुटतात.