रील लाखावर, क्लासला कोणी नाही: घोड्यांच्या धंद्यात सोशल मीडियावरच्या या चुका टाळा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या धंद्यातला माणूस तिथे चक्कर टाकतोच. दोन वर्षांपूर्वी मीही तिथून एक रील टाकली: पांढराशुभ्र मारवाडी घोडा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, ढोलाच्या ठेक्यावर नाचतोय. बघणारे लाखाच्या वर गेले आणि पुढचे आठ दिवस फोन वाजत राहिला. 'भाईसाब, घोडा कितने का है?' घोडा माझा नव्हता आणि मी घोडे विकतही नाही. पुण्याबाहेर मुलांना रायडिंग शिकवतो. त्या रीलमुळे क्लासला एकही मूल आलं नाही.

तेव्हा डोक्यात शिरलं, की आपण पेज चालवत होतो घोडेवाल्यांसाठी. फी भरणारी आई मात्र वेगळीच. तिने घोडा पाहिलेला असतो तो महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, तेवढाच.

व्ह्यूज भरपूर, चौकशी शून्य

मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, स्लो मोशनमध्ये उडणारी धूळ. आपल्याला ते देखणं वाटतं. सात वर्षांच्या मुलीच्या आईला धडकी भरते. एका ताईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो फीचा नव्हता. "सर, लाथ मारतो का हो?" मी म्हटलं, "मागून गुपचूप गेलात तर कुठलाही मारेल. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही घोड्याजवळ जायचं कसं, तेवढंच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी तेच चाळीस सेकंदांत शूट केलं. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा आमच्या राणी घोडीच्या खांद्याकडून बोलत बोलत जवळ जातात, हात पाठीवरून सरकवत मागच्या पायापर्यंत आणतात, ती आपणहून पाय उचलते, मामा आकड्याने खुरातली माती काढतात. संपलं. गाणं नाही, फिल्टर नाही. बघणारे जेमतेम दोन हजार होते, पण त्या आठवड्यात तीन मुलं आली. तिन्ही आयांनी मामांना पाहताक्षणी ओळखलं.

गाण्याचंही सांगून टाकतो. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला गाजलेली बहुतेक फिल्मी गाणी वापरता येत नाहीत; इकडून तिकडून चिकटवलंत तर आवाजच बंद होऊ शकतो. टापांचा आणि वैरण चावण्याचा आवाज आयता मिळत असताना गाणं हवंय कशाला?

जाणकार कमेंटमध्ये तुटून पडतात

बहुतेकदा त्यांचंच बरोबर असतं. आपण व्हिडिओत स्वाराकडे बघतो, ते घोड्याकडे बघतात. पोस्ट करण्याआधी तोच व्हिडिओ एकदा फक्त घोडा बघत चालवा. कान मागे चपटे झालेत का? लगाम ताणल्याने तोंड उघडं पडलंय का? शेपटी सारखी फटके मारतेय का? खोगिराखाली पाठ लागलेली, म्हणजे घासून सोललेली दिसते का? यातलं एक जरी दिसलं तरी व्हिडिओ टाकू नका, आधी घोड्याकडे जा.

वजनाचंही तसंच. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांवर जाऊ नये, असा जगभरातला ठोकताळा आहे. 300 किलोच्या तट्टावर 60 किलो झाले. त्यावर नव्वद किलोचे काका बसवून हसरा फोटो टाकलात तर शिव्या ठरलेल्या. हेल्मेटशिवाय बसलेल्या मुलाचा फोटो तर कितीही गोड असो, नकोच. आणि मुलाचा चेहरा दिसत असेल तर आईवडिलांना आधी विचारा.

बरोबर असलेली कमेंट डिलीट करू नका. 'चूक झाली, खोगीर बदललं' एवढं लिहिलं की पुरतं.

फोन येतात, पण वरातीच्या घोड्यासाठी

माझ्या प्रोफाइलवर पहिल्या ओळीत 'हॉर्स सर्व्हिसेस' होतं. लग्नसराईत काय झालं असेल ते ओळखा. आता तिथे 'मुलांसाठी घोडेस्वारीचे वर्ग', वय, गाव, वेळ आणि फी लिहिलेली असते. 'फीसाठी मेसेज करा' हा प्रकार सोडा. निम्मे लोक तिथेच पुढे सरकतात. गूगल मॅपवरची खूण स्वतः गाडीने जाऊन तपासा. आमची खूण बरेच दिवस शेजारच्या वीटभट्टीवर होती. पैसे देऊन जाहिरात करणार असाल तर अख्खा महाराष्ट्र निवडू नका. शनिवारी सकाळी मुलाला घेऊन गाडीने येण्याजोगं अंतर, तेवढंच धरा.

घोडा विकायचाच असेल तर फेसबुक मार्केटप्लेसच्या वाटेला जाऊ नका. तिथे जनावरांची विक्री चालत नाही, जाहिरात काढून टाकतात.

पावसाळ्यात पेज झोपतं

जूनला मैदानात चिखल होतो, क्लास बंद पडतो आणि आपण थेट दसऱ्याला उगवतो. मीही हेच करायचो. गेल्या पावसाळ्यात राणीच्या खुराला ओलीने वास यायला लागला. डॉक्टर आले, खूर कोरून साफ केला, रोज औषध, कोरडा भुसा. लपवावं असं वाटलं होतं, पण चार दिवसांआड तिचा एकेक फोटो टाकत गेलो. सप्टेंबरात पहिला फोन आला तो एका जुन्या विद्यार्थिनीचा. आईच्या हातून फोन घेऊन तिने आधी विचारलं, "राणी आता नीट चालते ना?"