रविवारच्या वाचनांवर मनन कसं करायचं
रविवारच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेत, बायबलमधले ठरलेले उतारे वाचतात: पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरं वाचन आणि शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत). आधी कुठलं वर्ष चालू आहे ते बघा. रविवारची वाचनं 3 वर्षांच्या चक्रात फिरतात, अ वर्षात मत्तयचं शुभवर्तमान, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक, आणि मार्क छोटा असल्याने ब वर्षात मध्येच 5 रविवार योहानचा 6 वा अध्याय येतो. सनाला 3 ने पूर्ण भाग गेला तर क वर्ष, फक्त नवीन वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, जानेवारीत नाही.

मिस्साला जायच्या आधी, शनिवारी रात्री वगैरे, शुभवर्तमान आधी वाचा आणि मग पहिलं वाचन, कारण सामान्य काळात (नाताळ-ईस्टरच्या खास काळांबाहेर) पहिलं वाचन शुभवर्तमानाला जुळेल असंच निवडलेलं असतं, मग दोघांत काय कॉमन आहे ते शोधायचं, एखादा शब्द, एखादी घटना, तिथेच मननाचा धागा सापडतो. प्रतिसाद स्तोत्र बहुतेक लोक नुसतं म्हणून टाकतात, पण माझ्या मते तीच सगळ्यात सोपी प्रार्थना आहे, त्यातली एक ओळ आठवडाभर पुरते. दुसरं वाचन मात्र स्वतंत्र चालतं, नव्या करारातल्या पत्रातलं पुढचं पुढचं, ते ओढूनताणून जुळवू नका. पुनरुत्थान काळात (ईस्टरपासूनचे सात आठवडे) पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांमधलं, म्हणजे नव्या करारातल्या पुस्तकातलं असतं, तिथे जुना करार शोधत बसू नका.