टूरर बाइकची चेन घरी कशी सेट करायची, गोव्याच्या तांबड्या मातीत आणि खाऱ्या हवेत

पणजीत सिग्नलला थांबलं की शेजारचा स्कूटरवाला आधी बाइककडे बघणार, मग खाली चेनकडे बघणार आणि सांगणार, "चेन लूज जाल्या रे तुजी." दहातल्या नऊ वेळा चेन बरोबर असते. पण माणूस घरी जातो, पाना काढतो आणि चांगली चाललेली चेन आवळून ठेवतो. मी पण असंच केलं होतं आणि ते बरंच महागात पडलं, म्हणून हे सगळं लिहितोय.

शाफ्टवाल्यांनी (ज्यांचं मागचं चाक चेनने नाही, लोखंडी दांड्याने फिरतं), म्हणजे एफजेआर १३०० किंवा बीएमडब्ल्यू आरटीवाल्यांनी, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. निंजा १०००, निंजा ६५०, व्हर्सिस ६५० किंवा अशीच बॅगा लावून दोघांना घेऊन घाट चढणारी चेनवाली बाइक असेल तर वाचा.

आधी साफसफाई. ती सोपी आहे. मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचला, रॉकेल मिळालं तर रॉकेल नाहीतर चेन क्लीनर, मऊ ब्रश, चिंधीने पुसून कोरडी करायची, झालं. पेट्रोल नको आणि तारेचा ब्रश तर अजिबात नको. या चेनच्या प्रत्येक पिनभोवती बारीक रबरी रिंगा असतात, कंपनीने भरलेलं ग्रीस त्या आत धरून ठेवतात, रिंग फाटली की ते ग्रीस गेलं, बाहेरून कितीही स्प्रे मारा तिथपर्यंत पोचत नाही. आणि एक गोष्ट ओरडून सांगतो. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनवर कापड धरायचं नाही. व्हिडिओमध्ये करतात ते. कापड स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं गेलं की बोट सोबत जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हातानेच फिरवा, इंजिन बंद.

तेल चेन गरम असताना, म्हणजे फिरून आल्या आल्या, चेनच्या आतल्या बाजूने लावायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी निघताना मारलं तर अर्धं रिमवर आणि उरलेलं बायकोच्या पँटवर. ५००-६०० किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात भिजून आलात तर त्याच दिवशी. माझं मत विचाराल तर पावसात चिकट वॅक्सवाला स्प्रे ठीक, पण चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला आणि साखळी-उसगाव भागात तांबडी धूळ उडायला लागली की साधं ९० नंबरचं गिअर ऑइल बरं. चिकट स्प्रेवर ती धूळ बसली की पॉलिश पेपर लावून चेन फिरवल्यासारखं होतं. गिअर ऑइलने रिम घाण होतो, पुसायचा, त्यात काय.

रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाणाऱ्यांसाठी अजून एक. रॅम्पवर जे पाणी उडतं ते मांडवीचं असलं तरी तिथे खारं आहे, उगाच का त्या काठाने खारफुटी वाढते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चेन, ब्रेकचा कॅलिपर आणि मागचे ॲडजस्टर (चेन ताणायचे-सोडायचे बोल्ट) धुवा. प्रेशर वॉशरचं नाक मात्र चेनला लावू नका, रिंगांच्या आत पाणी घुसतं.

आता खरं काम, स्लॅक. म्हणजे खालच्या बाजूची चेन मध्यावर बोटाने वर ढकलली आणि खाली ओढली तर एकूण किती हलते ते. पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजायचं, अंदाजाने नाही. तुमच्या बाइकचा आकडा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हातावरच्या, स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा, मित्राच्या बाइकचा नाही. साइड स्टँडवर मोजायचं की चाक उचलून, हेही तिथेच लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. सेंटर स्टँडवर चाक लोंबतं, साइड स्टँडवर बाइकचं वजन चाकावर असतं, दोन्हीकडे आकडा वेगळा येणार.

मी काय केलं होतं ते ऐका. स्टिकरवर तीसच्या आसपासचा आकडा होता. मला चेन खडखडते असं वाटलं म्हणून मी पंधरावर आणली, एकदम मस्त ताठ, हात लावला की बरं वाटायचं. दोन दिवसांनी बायको मागे, दोन्ही बाजूला भरलेल्या बॅगा, आणि केरीवरून चोर्ला घाटाने बेळगावला. वर रस्त्याला खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्यात मागून घुंई असा आवाज. मला वाटलं टायरचा आहे. जांबोटीला चहाला थांबलो, सहज चेनला बोट लावलं तर चटका बसला. तरी कळलं नाही, उलट अजून तेल मारलं आणि पुढे गेलो. घरी आल्यावर आठवड्याने पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली फरशीवर काळा ठिपका दिसला. गिअरबॉक्समधून जो शाफ्ट बाहेर येतो त्याचं ऑइल सील गेलं होतं. आमच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, कव्हर उघडलं, चेन बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच बोलला नाही. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

असं का होतं ते बाइकच्या बाजूला उकिडवं बसून बघा, एकदा कळलं की परत विसरणार नाही. तीन बिंदू शोधा. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्म जिथे फ्रेमला जोडलाय तो पिव्हट, आणि मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस. स्विंगआर्म वरखाली होतो तो पिव्हटभोवती, स्प्रॉकेटभोवती नाही. बाइक रिकामी उभी असताना एक्सल खाली असतो. वजन पडलं, सस्पेन्शन दबलं, एक्सल वर आला की स्प्रॉकेट आणि एक्सलमधलं अंतर वाढत जातं, आणि तिन्ही बिंदू एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. म्हणजे चेन सगळ्यात ताठ होते ती नेमकी बायको, बॅगा आणि खड्डा एकत्र आल्यावर. अंगणात पंधरा मिलिमीटर खेळ होता तो तिथे शून्य झाला. चेन काही लांब होत नाही, मग सगळा ओढ कुठे जातो? शाफ्टच्या बेअरिंगवर, सीलवर, मागच्या हबच्या बेअरिंगवर. सैल चेन आवाज करते, गिअर टाकताना झटका देते, फारच सैल असेल तर स्प्रॉकेटवरून उडून घातही करू शकते, पण तिथवर जायच्या आधी ती तुम्हाला भरपूर सांगते. ताणलेली चेन गप्प असते आणि आतून खात असते. म्हणून स्टिकरवर २५ ते ३५ असं असेल तर टूररवाल्याने ३५ च्या बाजूला राहावं, २५ च्या नाही. या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही.

खात्री करायची असेल तर दोन धडधाकट मित्र सीटवर बसवा, तिन्ही बिंदू रेषेत येईपर्यंत बाइक दाबा आणि तिसऱ्याने खालून चेन हलवून बघा. तेव्हाही थोडी हललीच पाहिजे.

पुढचा फास टाइट स्पॉटचा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी मोजलं ३२, चाक अर्धा फेरा फिरवलं तर २४. ३२ च्या जागी बघून तुम्ही आवळलीत की दुसऱ्या जागी चेन वायरसारखी ताठ. त्यामुळे चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, सगळ्यात ताठ जागा सापडली की तिथे खडूने खूण करा आणि सेटिंग तिथेच करा. फरक फारच असेल तर ॲडजस्ट करायच्या भानगडीत पडू नका, चेन संपलीय. पक्कं करायला २० लिंक मोजा, पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, चेन ताणून धरून. ५२०, ५२५, ५३० यातल्या कुठल्याही साइजची चेन असो, पिनमधलं अंतर १५.८७५ मिमी म्हणजे नवीन चेन ३१७.५ भरते. ३२३ च्या जवळ आली असेल तर दोन्ही स्प्रॉकेटसकट बदला. जुन्या दातांवर नवीन चेन घालणं म्हणजे पैसे मांडवीत टाकणं.

आता पाना. एक्सल नटची कॉटर पिन काढा, नट सैल करा, पूर्ण काढायचा नाही. दोन्हीकडचे लॉकनट सोडा. समुद्राकाठी राहणाऱ्यांचे ॲडजस्टर इथेच अडकतात, ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारी हवा, जोर लावला तर आटेच निघून येतात. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, आणि एकदा सुटले की ग्रीस लावूनच परत बसवा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवायच्या, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, बोल्टवर मार्करने रेघ मारून ठेवली की गोंधळ होत नाही. स्विंगआर्मवरच्या खुणांवर माझा विश्वास नाही, दोन्ही बाजूंना पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, मग मागे बसून एक डोळा मिटून चेन सरळ रेषेत पळतेय का बघा. व्हीएफआर ८०० सारख्या एका बाजूच्या स्विंगआर्मवाल्यांना हा त्रास नाही, सुखी माणसं.

आणि ज्या गोष्टीने मला तीन रविवार वेड लावलं ती ही. सगळं बरोबर सेट करायचो, नट आवळायचो, परत मोजायचो तर आकडा बदललेला. कारण नट आवळताना एक्सल किंचित सरकतो. उपाय साधा आहे, मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये जाड कापडाची गुंडाळी ठेवा, बोटं बाहेर, आणि चाक हाताने उलटं फिरवा म्हणजे गुंडाळी दातांत अडकून चेन ताठ होते आणि एक्सल ॲडजस्टरला घट्ट टेकतो. तसंच धरून नट आवळा. टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. "हाताच्या अंदाजाने" आवळणारे बरेच भेटतील, त्यांना त्यांचे नट आवळू द्या. मग गुंडाळी काढा (हो, एकदा विसरलोय), लॉकनट, नवीन कॉटर पिन, आणि टाइट स्पॉटवर परत मोजा. मागचा ब्रेक दोन-चार वेळा दाबा.

एवढं करूनही थ्रॉटल सोडता-धरताना झटका येत असेल तर चेनला दोष देऊन परत आवळू नका. मागच्या हबमधली कुशन रबरं बसली असतील. चाक काढून बघा, स्प्रॉकेट हाताने हबमध्ये सैल हलत असेल तर तीच.

ट्रिपच्या आदल्या रात्री मात्र हे काम काढू नका. दोन दिवस आधी करा, म्हापशापर्यंत एक फेरी मारून या, चेन थंड होऊ द्या आणि त्याच खडूच्या खुणेवर पुन्हा पट्टी लावा.